हायड्रोजनमधली पिवळी रेघ

ती. ताईस,

धाकट्याचा साष्टांग नमस्कार. (कमरेमुळे प्रत्यक्षात अर्धाच होतो, उरलेला भावनेत धरावा.) तुझा रक्तदाब आटोक्यात असेल अशी आशा आहे. भाऊजींचा डावा गुडघा थांबून उजवा सुरू झाल्याचं कळलं होतं. एव्हाना दोघांचं काहीतरी आपसांत ठरलं असेल. इकडे आम्ही मजेत आहोत, असं लिहायची रीत आहे म्हणून लिहितो. प्रत्यक्षात घरात माणसं दोन आणि आवाज एकाचाही नाही. तुझी भावजय माझ्याशी फक्त एकेका शब्दात बोलते. 'जेवण.' 'टॉवेल.' 'दार.' क्रियापदं सगळी तिने तुझ्या बारकीच्या बॅगेत घालून तुझ्याकडे पाठवली असावीत. फोन करावा म्हटलं तर तू माझं पहिलं वाक्य पुरं व्हायच्या आत ठेवतेस. पत्राचं बरं असतं, ते मधेच ठेवलं तरी उरलेलं लिहिलेलं राहतं.

बारकी तुझ्याकडे येऊन आज बारा दिवस झाले. (आता ती माझ्यापेक्षा दोन बोटं उंच आहे, पण नाव चिकटलं ते चिकटलंच.) तिने तुला सगळं सांगितलं असेल आणि ते सगळं खरंच असेल, कारण खोटं जमत नाही हाच तिचा मूळ दोष आहे आणि त्यापायीच हे सगळं झालं. तुझी भावजय तुझ्याशी फोनवर बोलते (तिथे क्रियापदं असतात) ते कानावर पडलं, त्यावरून असं कळलं, की पोरगी आता कॉलेजचं नाव काढू देत नाही आणि कोपऱ्यावरच्या कापडाच्या दुकानात काम आहे का म्हणून विचारून आली. ताई, कापडाच्या दुकानाला मी नावं ठेवत नाही. पण तीन वर्षं माझ्या घरी राहून, माझ्याच लॅबमध्ये शिकून, शेवटच्या परीक्षेच्या प्रॅक्टिकलला सख्ख्या मामाने नापास केलं म्हणून कोणी मीटरने कापड मोजायला बसावं, हे मला सहन होण्यातलं नाही. तिचं वर्ष वाचलं पाहिजे. एवढ्यासाठीच हे पत्र आहे, बाकीचं सगळं ओघात येईल तसं येईल.

तर आधी प्रयोग काय होता ते तुला समजावून सांगतो. (भाऊजींना कंटाळा आला तर त्यांनी खुशाल गुडघा शेकत बसावं.) अणूत इलेक्ट्रॉन असतो. तो वाटेल तिथे राहू शकत नाही. बिल्डिंगला जसे मजले असतात तशा त्याला ऊर्जेच्या ठरलेल्या पातळ्या असतात, आणि दोन मजल्यांच्या मधे जिन्यावर टेकायची सोय नसते. वरच्या मजल्यावरून तो खालच्या मजल्यावर पडला, की त्या दोन मजल्यांच्या ऊर्जेत जेवढा फरक, तेवढा प्रकाश बाहेर पडतो. आता गणित बघ, अगदी तुझ्या आवाक्यातलं आहे. हायड्रोजनमध्ये तिसऱ्या मजल्याची ऊर्जा उणे १.५१, दुसऱ्याची उणे ३.४०. फरक १.८९. बाराशे चाळीसला १.८९ ने भाग, ६५६ येतात. ही झाली त्या प्रकाशाची तरंगलांबी, नॅनोमीटरमध्ये, आणि डोळ्याला ती लाल रेघ दिसते. चौथ्यावरून दुसऱ्यावर पडला तर फरक २.५५, उत्तर ४८६, हिरवट निळी रेघ. पाचव्यावरून पडला तर ४३४, जांभळी. झालं, संपलं. हे तीन आकडे मी सत्तावीस वर्षं शिकवतो आहे. तुझा वाढदिवस मी दर वर्षी विसरतो हा तुझा आरोप मान्य आहे, पण ४८६ विसरल्याचा आरोप माझ्यावर आजवर कोणी केलेला नाही.

हे झालं कागदावरचं. लॅबमध्ये तेच डोळ्यांनी बघायचं असतं. काचेच्या नळीत हायड्रोजन भरलेला असतो, वीज सोडली की ती उजळते, तिचा प्रकाश एका बारीक रेघांच्या काचेतून गेला की रंग सुटे होतात, मग छोटी दुर्बीण फिरवून एकेका रेघेवर आणायची, कोन मोजायचा, आणि त्या कोनावरून तरंगलांबी काढायची. ती कागदावरच्या उत्तराशी जुळली, की इलेक्ट्रॉन आपल्या ठरलेल्या मजल्यांवर सुखरूप राहतात असं सिद्ध होतं. निदान तसं पुस्तकात लिहिलं आहे. आमच्याकडची पद्धत जरा निराळी आहे. मुलं आधी बाहेर व्हरांड्यात बसून उत्तर काढतात, ६५६. मग त्यावरून उलटं गणित करून कोन काढतात. मग तो कोन जर्नलमध्ये 'मोजलेला कोन' म्हणून लिहितात, त्यात लाजेकाजेस्तव थोडी चूक घालतात, म्हणजे उत्तर ६५४ किंवा ६५९ यावं. (नेमकं ६५६ आलं तर ते उर्मटपणाचं दिसतं.) मग काळोख्या खोलीत जाऊन दुर्बीण जरा इकडची तिकडे करून येतात, धूळ बसू नये म्हणून. चूक दोन टक्क्यांच्या आत असली की पैकीच्या पैकी गुण. हे मला ठाऊक होतं का, असं तू विचारशील. ताई, मी स्वतः शिकत होतो तेव्हा माझंही उत्तर ६५५ आलं होतं आणि दुर्बिणीवरचं झाकण मी काढलेलं नव्हतं.

परीक्षेच्या दिवशी बाहेरून आलेले परीक्षक म्हणजे एक सडपातळ, त्रासलेले गृहस्थ होते. त्यांचं पोट सकाळपासून बिघडलेलं, आणि चारची बस गाठायची म्हणून दुपारपासून एक पाय दाराकडे. बारकीला चिठ्ठीत नेमका हाच प्रयोग निघाला. मी मनात म्हटलं, बरं झालं, सोपा आहे. कॉलेजात तिने मला 'सर'च म्हणायचं हे पहिल्या वर्षीच ठरलं होतं आणि तीन वर्षांत ती एकदाही चुकली नव्हती. भाची म्हणून पक्षपात केला असं कोणी म्हणू नये याची मी इतकी धास्ती घेतली होती, की तिला नेहमी हक्काच्या गुणांपेक्षा दोन कमीच पडत आले. बाकीच्या मुलांचे प्रयोग पाऊण तासात आटोपले. ही अडीच तास काळोख्या खोलीत दुर्बिणीला डोळा लावून बसली. बाहेर आली तेव्हा डोळ्याभोवती गोल वळ उठलेला होता, आणि जर्नलमध्ये आकडे होते ६६८, ५८८, ५०२ आणि ४४७. खाली स्वच्छ अक्षरात लिहिलं होतं, की सर्वांत ठळक रेघ पिवळी आहे, आणि ही उत्तरं हायड्रोजनच्या ऊर्जापातळ्यांशी जुळत नाहीत.

परीक्षकांनी विचारलं, पिवळी कुठल्या मजल्यावरून कुठल्या मजल्यावर? ५८८ म्हणजे ऊर्जेचा फरक २.११. आता हायड्रोजनच्या कुठल्याही दोन मजल्यांत एवढा फरक नाही, हे लॅबमधल्या कपाटालासुद्धा ठाऊक आहे. ती म्हणाली, दहाव्यापर्यंतच्या सगळ्या जोड्या करून बघितल्या, कुठेच बसत नाही. मग रेघ चुकली की गणित? तर म्हणाली, "दोन्ही बरोबर आहेत, सर." परीक्षक हसले आणि माझ्याकडे बघू लागले. त्यांनी चष्मा केव्हाच घडी करून डबीत ठेवला होता, म्हणजे ते स्वतः आत जाणार नव्हते हे उघड होतं. तेव्हा ती माझ्याकडे वळली आणि म्हणाली, "मामा, तू बघ ना एकदा."

सगळ्यांसमोर म्हणाली. मी आत गेलो, वाकलो, दुर्बिणीला डोळा लावला, बराच वेळ तसाच राहिलो, आणि बाहेर येऊन सांगितलं, की लाल रेघ आहे ती ६५६ च्या जागीच आहे आणि पिवळी रेघ अजिबात नाही. हायड्रोजनमध्ये पिवळी रेघ नसतेच, असंही वर म्हणालो. प्रयोगाला शून्य लिहिलं. परीक्षकांनी सही केली आणि त्यांना बस मिळाली. बारकीने पेनाचं टोपण लावलं, जर्नल मिटलं, माझ्याकडे एकदा बघितलं आणि गेली. मी घरी पोचलो तेव्हा तिचं कपाट रिकामं होतं आणि तुझ्या भावजयीने मला 'गेली' एवढंच सांगितलं. (त्यानंतर तिच्या तोंडून मला क्रियापद ऐकायला मिळालेलं नाही.)

पुढचे तीन दिवस ते चार आकडे डोक्यातून जाईनात. जेवताना ५८८, दाढी करताना ५८८. मी कॅलेंडरचं जुनं पान फाडून त्याच्या पाठीवर हायड्रोजनचे मजले मांडले आणि २.११ कुठून निघतो का ते बघत बसलो. विसाव्या मजल्यापर्यंत गेलो. निघेना. निघणारच नव्हता. मग चौथ्या दिवशी लॅबमध्ये सगळ्या मूलद्रव्यांच्या रेघांचं जाडजूड कोष्टक आहे ते काढलं. (त्याच्याखाली एका टेबलाचा तुटका पाय टेकवलेला होता, तेव्हा टेबलही गेलं.) आणि त्यात एका ओळीत, ओळीने, ६६८, ५८८, ५०२, ४४७. मी ओळीच्या सुरुवातीला बोट नेलं. ती हायड्रोजनची ओळ नव्हती, हीलियमची होती.

नळी खोबणीतून काढली आणि स्टोअरकीपरकडे घेऊन गेलो. आमचा स्टोअरकीपर मितभाषी आहे, तो माणसांपेक्षा रजिस्टरशी जास्त बोलतो. नळीवर त्याच्याच हस्ताक्षरात 'हायड्रोजन' अशी चिठ्ठी डकवलेली होती. ती नखाने खरवडली, तर खालून कंपनीचं छापील लेबल निघालं. त्यावर हीलियम. मी म्हटलं, हे काय? तो अजिबात गडबडला नाही. अकरा वर्षांपूर्वी आपली जुनी नळी गेली, आपण हायड्रोजनची मागवली, कंपनीने चुकून ही पाठवली. परत पाठवायची तर तीन फॉर्म, पाच सह्या, आणि रजिस्टरात तर हायड्रोजन आली अशी नोंद आधीच पडलेली. रजिस्टरात खाडाखोड चालत नाही. "मग म्हटलं, नळीवरच दुरुस्ती करू," असं तो म्हणाला. मी आवाज चढवला, तसं त्याने शांतपणे अकरा वर्षांपूर्वीचं रजिस्टर काढलं आणि माझ्यासमोर उघडून बोट ठेवलं. 'तपासून घेतली, चालू स्थितीत आहे', आणि पुढे माझी सही. ताई, मी तपासली होती हे खरं आहे. पेटते का ते बघितलं होतं, पेटली होती.

आता अकरा वर्षं, दर वर्षी चाळीस मुलं, म्हणजे चारशे चाळीस. इतक्या जणांनी हीलियमच्या नळीत हायड्रोजनची लाल रेघ मोजली आणि प्रत्येकाचं उत्तर दोन टक्क्यांच्या आत आलं. त्यातला एक आता दुसऱ्या कॉलेजात हाच प्रयोग शिकवतो. (दिवाणखान्यात टांगावं असं अभिनंदनाचं पत्र मी त्याला लिहिलेलं आहे.) आणि त्या नळीतली सगळ्यांत लखलखीत जी रेघ, ती पिवळी, चारशे चाळीसांपैकी एकालाही दिसली नाही, कारण ती अभ्यासक्रमात नव्हती. चारशे एकेचाळिसावीला दिसली आणि तिला मी शून्य दिलं. दुःख कशाचं करावं तेच मला कळेनासं झालं आहे. लॅबमध्ये शिरलो की भिंतीवरचे मजल्यांचे तक्ते माझ्याकडे बघतात असं वाटतं, म्हणून हल्ली मी पाठमोरा बसतो.

मग हिंमत करून प्राचार्यांना अर्ज दिला, की नळी हीलियमची आहे, मुलीची रीडिंग बरोबर आहेत, तिचे गुण तिला मिळावेत. प्राचार्य मूळचे इतिहासाचे. त्यांनी अर्ज उभ्यानेच वाचला, मग बसले, मग पुन्हा वाचला. चारशे चाळीस पदव्यांचं काय करायचं हे त्यांनी मला विचारलं, आणि मी काही बोलायच्या आत स्वतःच खिडकी लावून घेतली. शेवटी म्हणाले, एका चिठ्ठीवर मी निकालाला हात लावणार नाही. तुम्ही लॅबमधले सगळ्यांत जुने. तुम्ही स्वतः दुर्बिणीतून बघा, चारही रेघा मोजा, कागदावर लिहा, खाली सही करा. पंधरवडा देतो, म्हणजे येत्या सोमवारपर्यंत. तोवर कागद आला तर मी तो परीक्षा विभागाला पाठवतो आणि मुलगी पास. सोमवारनंतर निकाल बंद होतो, मग तिला वर्ष परत करावं लागेल. बघ ताई, किती साधं काम आहे. चार आकडे आणि एक सही. तेव्हा तू काळजी करू नकोस. मामाने बिघडवलं ते मामाच निस्तरेल. बारकीला म्हणावं, दुकानवाल्याला नाही म्हणून कळव.

भाऊजींना नमस्कार, त्यांच्या दोन्ही गुडघ्यांना स्वतंत्र. रक्तदाबाची गोळी विसरू नकोस. पत्राचं उत्तर नाही पाठवलंस तरी मी समजून घेईन, फक्त फार दिवस नाही.

तुझा (अजून असेन तर)
धाकटा

ता. क. बारकीची निळी छत्री इथेच राहिली आहे. तुझी भावजय ती कोणाला हात लावू देत नाही. काल मी भिजत घरी आलो.

ता. क. पत्र पाकिटात घातलं होतं, पुन्हा काढलं. तो कागद अजून कोरा आहे. आठ दिवस झाले. ताई, अक्षर एवढं टपोरं का आणि पत्राला चौदा पानं का, असं तुला पहिल्या पानापासून वाटत असेल. मला दिसत नाही. म्हणजे कडेकडेने दिसतं, पण जिथे बघावं नेमकं तिथे राखाडी डाग येतो. डोळ्यांच्या डॉक्टरांनी सहा वर्षांपूर्वी सांगितलं, की आतला पडदा मधोमध खराब होतो आहे आणि हा परत यायचा नाही. मी कोणाला बोललो नाही, तुझ्या भावजयीलाही नाही. मुलं मला 'तिरपे सर' म्हणतात, त्यांना वाटतं मी संशयाने बघतो. कोष्टक मी भिंग धरून, कडेकडेने एकेक आकडा करत वाचलं, पण नळीवरचं छापील नाव आणि रजिस्टरातली ओळ मी वाचली नाही, स्टोअरकीपरने वाचून दाखवली. त्या दिवशी बारकीने मला बघ म्हटलं, मी वाकलो, आणि मला ना लाल दिसली, ना पिवळी, ना दुर्बीण. परीक्षकांसमोर 'मला दिसत नाही' म्हणण्यापेक्षा 'रेघ नाही' म्हणणं मला सोपं गेलं. ती खोटी ठरली ती एवढ्यासाठी.

ता. क. चार आकडे कोष्टकातून उतरवून सही ठोकणं मला सहज जमेल. लाजेकाजेस्तव ५८८ चे ५८९ करीन, कोणाला कळणारही नाही. चार वेळा पेन उचललं. पण तिच्या खऱ्या रीडिंगला मी बनवलेल्या रीडिंगची सही जोडायची, हे माझ्याच्याने होईना. म्हणून माझी विनंती आहे. हे पत्र तुला शुक्रवारी मिळेल. शनिवारच्या गाडीने तिला पाठव. सोमवारी प्राचार्यांना शेजारी उभं करून ती रेघा मोजेल, मी लिहून घेईन, आणि कागदावर 'बघणारी' म्हणून तिचं नाव पडेल. ती येणार नसेल तरी सोमवारी मी कागद देणार आहे. त्यावर लिहीन, की मला दिसत नाही, परीक्षेच्या दिवशीही दिसत नव्हतं, दुसऱ्या कोणा डोळस माणसाला बोलवा. मग लॅबची किल्ली माझ्याकडे ठेवतील असं वाटत नाही. ठेवू नये हेच बरं.

ता. क. हे डोळ्यांचं तिला तू सांग. माझ्या तोंडून निघणार नाही. आणि आली तर तिने मला एकच सांगावं. नळी आली तेव्हा माझे डोळे चांगले होते, पाच वर्षं चांगले होते, पण उत्तर पाठ होतं म्हणून मी एकदाही आत डोकावलो नाही. ती पिवळी रेघ दिसते तरी कशी, एवढं सांग म्हणावं. आकडा नको.